पहिला इंच

डावीकडचा बोल्ट मुकाट्याने बसला. उजवीकडचा काही केल्या बसेना. लेकीने नव्या रेडिएटरला गुडघ्याचा टेकू दिला, जिभेचं टोक दातांत धरलं आणि पुन्हा एकदा भोकं जुळवून पाहिली. लोखंडी पट्टीतलं भोक एकीकडे, गाडीच्या सांगाड्यातलं दुसरीकडे.

“बाबा, माप किती सांगितलं होतंत?”

“सव्वीस.”

“मी सव्वीसवरच भोकं पाडलीत. गाडी पंचवीस म्हणतेय.”

“मग गाडी चुकतेय,” बाबा म्हणाले.

ही पिकअप लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती आणि घरात तिचा मानही तसाच होता. तिच्या जातीचा रेडिएटर आता कुठे मिळत नसे. म्हणून लेकीने दुसऱ्या गाडीचा, जरा मोठा रेडिएटर आणला होता. तो एका लोखंडी पट्टीवर बसवायचा होता. काल तिचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले होते, तेव्हा पट्टीचं माप बाबांनी घेतलं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस मापात चुकेल, असं गॅरेज चालवणाऱ्या त्या पोरीच्या मनातही आलं नव्हतं.

तिने त्यांच्या खिशातली टेप ओढून काढली. पहिला इंच केव्हाच तुटून गेला होता. ती टेप एकपासूनच सुरू व्हायची. माप घ्यायचं आणि एक वजा करायचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. नवी टेप आणली की बाबा ती कुणाला तरी देऊन टाकत. म्हणत, हात हिच्यावर बसलाय.

“इंच वजा केला होतात ना?”

“मी कधी विसरलोय?”

म्हणाले खरे, पण शेवटचा शब्द येईपर्यंत आवाज बसला. त्यांनी टेप घेतली, सांगाड्यावर धरली, चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. टेपवर सव्वीस होते. मग त्यांनी टेप खिशात टाकली आणि सकाळीच झाडलेली जमीन पुन्हा झाडायला घेतली.

लेकीने इंचभर आत दुसरं भोक पाडलं. पाचच मिनिटांत रेडिएटर बसला. पाणी भरून गाडी चालू केली, तर म्हातारी कशी गुण्यागोविंदाने गुरगुरू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागे एक नवं टेबल बांधून दोघं ते पोचवायला निघाली. बाबा चालवत होते. लेक इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसली होती. खरी परीक्षा चढावर होती. गेली सात वर्षं गाडी चढाच्या माथ्यावर एकाच जागी तापायची, काकाच्या दारासमोर.

काका आणि बाबा आधी एकत्रच काम करत. सात वर्षांपूर्वी त्यांनी केलेलं एक कपाट गिऱ्हाइकाच्या दारातून आत जाईना. इंचभर रुंद झालं होतं. काका म्हणाला, दादा, तू वजा करायला विसरलास. दादा म्हणाले, मी आणि विसरेन? एवढ्यावरून बोलणं बंद झालं. वाटणीत कपाट काकाकडे गेलं. ते त्याच्याही दारातून आत जाईना, तेव्हापासून ते बाहेर ओट्यावरच होतं. गाडी वाफ सोडत थांबली की काका भरलेली बादली चाकापाशी ठेवून आत जायचा. बाबा पाणी ओतून रिकामी बादली कपाटाला टेकवून ठेवायचे. शब्द नाही, मान हलवणं नाही. नवा रेडिएटर नको म्हणून बाबा दोन वर्षं हटून बसले होते. लेकीला तो म्हातारपणाचा हट्ट वाटला होता.

चढ संपला. काटा मध्यावरून हलला नव्हता. काकाचं दार आलं. भरलेली बादली आधीच बाहेर होती. गाडी तिच्यासमोरून पुढे गेली.

लेकीने वळून बाबांकडे पाहिलं. नवा रेडिएटर त्यांना का नको होता, ते आता तिला कळलं. वीसेक पावलं पुढे जाऊन बाबांनी ब्रेक लावला, आणि गाडी मागे घेतली.

“तापली?” तिने विचारलं.

“बघायला पाहिजे.”

काट्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. उतरून बॉनेट उघडलं. काका बादली घेऊन आला, चाकापाशी ठेवली आणि वळला. पण वाफ नव्हती. तो थांबला. दोन पावलं मागे येऊन त्याने बॉनेटखाली डोकावलं. सुताराचा डोळा नवा रेडिएटर सोडून थेट पट्टीवर गेला.

“हे दुसरं भोक कशाला?”

सात वर्षांतलं पहिलं वाक्य. ते त्याने पट्टीलाच विचारलं. लेक खिडकीतून बाहेर वाकली. माझ्यावर ढकला बाबा, तिच्या मनात आलं, माझी चूक म्हणा.

बाबांनी बॉनेटची कड पुसली. मग पुन्हा पुसली.

“इंच वजा करायचा राहिला,” ते म्हणाले. “माझ्याकडून. आत्ताही, आणि तेव्हाही.”

काकाने बादली उचलली, सगळं पाणी ओट्याखालच्या रोपांना ओतलं आणि कपाटावर थाप मारली.

“सात पावसाळे खाल्लेत याने. फळी अजून हललेली नाही. आत घेऊ या का?”

“जाणार नाही दारातून.”

“इंचभराचा तर प्रश्न आहे. एका बाजूने तेवढं कापून काढू. माप घेऊ आधी.”

बाबांचा हात आपोआप खिशात गेला. टेप बाहेर निघाली, तसा काकाने तळहात पुढे केला.

“तू नुसतं टोक धर, दादा. वाचणार मी.”

बाबांनी टोक धरलं. लेकीने हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.