नव्वद सेकंद आणि एक मालगाडी

टॅबिथा क्विग्लीच्या हातात लाल पाटी होती, आणि ती पाटी वर केली की मोठमोठी माणसं गप्प बसणार होती. सोळाव्या वर्षी याहून मोठं सुख कुठलं? मागच्या वर्षापर्यंत वर्गात 'हजर' म्हणायलाही तिला घाम फुटायचा. मग शाळेच्या बँडच्या हॅल्व्हर्सन सरांनी तिच्याकडे ट्रॉम्बोन, म्हणजे लांब नळीचं पितळी वाद्य, सोपवला, आणि तिचा आवाज असा काही मोकळा झाला की घरचे आता दारं लावून घेत.

अडचण एवढीच होती की महापौरपदाला उभ्या असलेल्या दोघांपैकी एक हॅल्व्हर्सन सरच होते. आणि ते निवडून यावेत असं टॅबिथाला मनापासून वाटत होतं.

"स्ट्राउड बाई, मी त्यांच्या बँडमध्ये आहे," तिने आधीच सांगून टाकलं. स्ट्राउड बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या. दर निवडणुकीला उमेदवारांची सभा त्याच भरवत.

"अर्धं केस्ट्रल फॉल्स गाव त्यांच्या बँडमध्ये होतं," बाई म्हणाल्या. "दुसरं कोण आणू? घड्याळ कळतं ना तुला?"

"कळतं."

"मग झालं. प्रत्येक उत्तराला नव्वद सेकंद. पंधरा उरले की पिवळी, संपले की लाल. लाल दिसली की माइक बंद. बोलणारा कुणी का असेना."

बुधवारी संध्याकाळी वाचनालयाचं तळघर खच्चून भरलं. घडीच्या खुर्च्या संपल्या तसे लोक कॉफीच्या टेबलाला टेकले. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या वॉल्टरने हात वर केला. "हे दोघं कुठल्या पक्षाचे, ते तरी सांगा."

"आपल्याकडे मतपत्रिकेवर पक्ष नसतो, वॉल्टर. दर चार वर्षांनी तू हेच विचारतोस," स्ट्राउड बाई म्हणाल्या.

"मग मत ठरवायचं कसं?"

"ऐकून. सवय नाहीये तुला, माहितीये मला."

दुसऱ्या उमेदवार डोरीन पॅक बारा वर्षं नगरपरिषदेत होत्या. त्यांचं प्रत्येक उत्तर अठ्ठ्याऐंशी सेकंदात संपायचं. हॅल्व्हर्सन सर मात्र बँडला अर्ध्या मात्रेची चूक माफ न करणारे आणि स्वतः बोलायला लागले की ब्रेक नसलेले. पोहण्याच्या तलावावर एकदा, रस्त्यांच्या दिव्यांवर एकदा, अशी दोनदा त्यांनी लाल पाटी खाल्ली.

मग शेवटचा प्रश्न आला. नवव्या रस्त्याचं रेल्वे फाटक.

सगळे सरसावून बसले. मालगाडी यायची आणि भर फाटकातच थांबायची, कधी कधी चाळीस मिनिटं. टॅबिथाची मैत्रीण कोरा बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिचा धाकटा भाऊ तर त्या फाटकाच्या रांगेतच जन्मला होता.

"आधी हे समजून घेऊ की गाडी तिथेच का थांबते," सरांनी सुरुवात केली. "मी चार महिने थर्मास घेऊन तिथे बसलो." मग थर्मासमध्ये काय असायचं, तेही आलं. पिवळी पाटी वर गेली. सरांनी मान डोलावली. "तर उपाय आहे. अगदी सोपा. फक्त—"

शून्य.

पाटी एकदम मणभर जड झाली. एक वाक्य तर राहिलं होतं. सगळी सभा पुढे झुकली होती. पण पॅकबाई प्रत्येक उत्तर वेळेत बसवून बोलल्या होत्या, ते कुणासाठी? टॅबिथाने पाटी वर केली. माइक बंद झाला आणि तळघरातून असा सुस्कारा उठला की कॉफीचे कागदी कप हलले असतील.

"पाडलंस तू सरांना," दुसऱ्या दिवशी कोरा म्हणाली. "एक श्वास द्यायला काय जात होतं?"

"पॅकबाईंना दिला असता का तू?"

"त्यांना लागलाच नसता."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. तालमीनंतर ती सरांपाशी घुटमळली. "सर, कालचं..."

"आज चौथ्या ओळीत तू उशिरा आलीस," सर सुरावटीचे कागद गोळा करत म्हणाले. "काल नाही आलीस." आणि निघून गेले. आता हा राग समजायचा की शाबासकी? मतदान मंगळवारी होतं.

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या आवारात तळलेल्या माशांचं जेवण असतं. सगळं गाव गाड्या काढून तिकडेच निघालं, आणि नवव्या रस्त्यावर मालगाडी येऊन थांबली. टॅबिथा सायकलवर होती. रांगेत तिसरी गाडी सरांची. मागच्या ट्रकमधून वॉल्टरने मुंडी बाहेर काढली.

"अहो मास्तर, ते 'फक्त' काय होतं? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

सर खाली उतरले. पाठोपाठ आणखी दारं उघडली. बघता बघता पन्नास-साठ माणसं जमली, आणि त्या गर्दीत सरांना सायकल दिसली.

"टॅबिथा, किती वेळ आहे मला?"

तिने डावीकडे पाहिलं. डब्यांचा शेवट दिसत नव्हता. "बिनधास्त बोला, सर."

सर थर्मासपासून पुन्हा सुरू झाले. गाडीचे चालक नेमके याच फाटकाशी बदलतात, म्हणून गाडी थांबते. तीन किलोमीटर मागे धान्याच्या कोठारांपाशी रस्ताच नाही, तिथे चालक बदला. रेल्वेचं उत्तरही आलं होतं: विचार करू, पण पत्र महापौराचं हवं, बँडमास्तरचं नको.

"म्हणजे फक्त महापौर व्हायचं राहिलंय होय," वॉल्टर म्हणाला, आणि रांगभर हशा पिकला.

"मी निवडून आले तर हे पत्र मी लिहीन," मागून पॅकबाईंचा आवाज आला. त्याही अडकल्या होत्या. "आणि एका पानात लिहीन."

"मग फाटक सुटलंच की," सर म्हणाले. "कुणीही येवो." आणि त्यांनी चक्क पुढे होऊन बाईंशी हात मिळवला.

तेवढ्यात डबे खडखडले.

"सर, गाडी हलली," टॅबिथा ओरडली. "पंधरा सेकंद."

मंगळवारी सर तीनशे चार मतांनी निवडून आले. त्याच तळघरातल्या शपथविधीला त्यांनी एकच अट घातली: टॅबिथा पाट्या घेऊन समोर बसेल. नव्वद सेकंद झाले, लाल पाटी वर गेली, आणि नवे महापौर वाक्याच्या मध्यावर गपकन खाली बसले.

उरलेलं वाक्य ऐकायला अर्धं गाव त्यांच्या मागे कॉफीच्या टेबलापर्यंत गेलं. सगळ्यांत पुढे वॉल्टर.