वरचं वय लिहिलेलं नाही

विशाखाचा अठरावा वाढदिवस जवळ येत होता आणि तिच्या आईला, नयनाला, तो यायलाच नको होता. लेक मोठी होते म्हणून नव्हे. लेकी मोठ्या होतातच. नयनाचं दुखणं वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती.

त्याचं झालं असं. मस्कतच्या एका कॉलेजनं बारावीच्या मुलांसाठी सोय काढली होती. शाळेत असतानाच कॉलेजचा एक विषय शिकायचा, परीक्षा द्यायची, पास झालं की त्याचं क्रेडिट मिळणार. पुढे कॉलेजात तो विषय पुन्हा करायला नको. विशाखानं स्टॅटिस्टिक्स घेतलं. अट एकच अवघड होती: विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर वर्गात पालक बसलाच पाहिजे. पालक नाही तर हजेरी नाही. तिचे बाबा, रमण, लांब सोहारला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात; घरी यायचे ते गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीसाठी. मग उरलं कोण? दर रविवारी आणि मंगळवारी नयना माबेलाच्या घरून गाडी काढायची आणि गळ्यात पालकाचा पास अडकवून मागच्या बाकावर जाऊन बसायची.

"आई, प्लीज, तू क्लासमध्ये काही बोलू नको हां," विशाखानं पहिल्याच दिवशी बजावलं. "आणि ते लसूण सोलणं, नो."

लसूण पिशवीतच राहिला. पहिले दोन तास नयनाच्या डोक्यावरून गेले. तिसऱ्या तासाला डॉक्टर सफूरांनी, म्हणजे शिकवणाऱ्या ओमानी बाईंनी, विचारलं: माहिती पाच लाख लोकांची हवी आहे आणि विचारता येतंय पाचशेंनाच, तर काय कराल? मुलं वह्या चाळू लागली. मागून नयनाचं तोंड उघडलं ते उघडलंच. इंग्रजी जमेना म्हणून ती हिंदीत बोलली. सफूराबाईंना हिंदी छान समजायची.

"चावल पका कि नहीं, एक दाना दबाके देखते हैं. लेकिन पहले नीचे तक हिलाने का. नहीं तो ऊपर का कच्चा मिलेगा, नहीं तो नीचे का जला हुआ."

विशाखानं बाकावर डोकं टेकलं. सफूराबाईंनी मात्र हातातला पेन खाली ठेवला. "जे समजावायला मला तीन तास लागतात," त्या मुलांना म्हणाल्या, "ते ह्यांनी एका भांड्यात सांगितलं." शितावरून भाताची परीक्षा, हे तर तिच्या माहेरी, गुहागरात, शेंबडं पोरही सांगेल. पण आधी भात ढवळायचा असतो आणि त्या ढवळण्याला शास्त्र म्हणतात, हे नयनाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनशे पानी वही आणली. अकरावी झाल्यावर तिचं लग्न ठरलं होतं. बारावी राहिली ती राहिलीच. आता पोळ्या झाल्या की ओट्यावरच वही उघडायची. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की विशाखाच विचारायला येऊ लागली, "आई, धिस वन कसं केलंस?"

आणि मग आला वाढदिवस. अठरा पूर्ण, म्हणजे पालकाचा पास रद्द.

"आता यायला नको आई. यू आर फ्री," केक भरवत विशाखा म्हणाली.

"हो बाई, सुटले," नयना म्हणाली, आणि आत जाऊन तिनं पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

पुढच्या तासाला तिनं लेकीला दारापाशी सोडलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून त्या दिवसाचा धडा स्वतःच सोडवला. त्याच्या पुढच्या तासालाही तेच. तिसऱ्या खेपेला वहीवर टपकन पाणी पडलं तेव्हा तिचा तिलाच राग आला. रडून कुणाला क्रेडिट मिळालंय? ती उठली आणि तडक ऑफिसात गेली. विशाखाच्या फॉर्मवर सही तिनंच केली होती आणि इंग्रजीची धास्ती असलेलं माणूस वाचतं तसा तो दोन्ही बाजूंनी तीनदा वाचला होता.

"ओमप्रकाशजी, इसमें उमर का क्या लिखा है?"

"सोलह के ऊपर, दीदी," टेबलावरचा क्लार्क म्हणाला.

"और ऊपर की उमर?"

ओमप्रकाशनं फॉर्म उलटला, कॉम्प्युटर उघडला, आत फोन लावला, डोकं खाजवलं. "ऊपर का तो कुछ लिखा नहीं. बस बारहवीं में नाम होना चाहिए. किसका बच्चा है?"

"बच्चा नहीं. मैं हूँ."

संध्याकाळी तिनं सोहारला फोन लावला. "अहो, ओपन स्कूलमधून बारावीला नाव घालायचंय."

"कुणाचं?"

"माझं."

"मग घाल की. फक्त गणितं घेऊन माझ्याकडे येऊ नको, उगाच माझी अब्रू जायची."

विशाखा दारात उभी राहून ऐकत होती. "मला वाटलं तू बोअर होतेस तिथे," ती म्हणाली. "तू सांगितलं का नाहीस?" मग तिनं आईला घट्ट मिठी मारली आणि लॅपटॉप उघडून आईचा फॉर्म भरायला घेतला.

विशाखाला तिचं क्रेडिट मिळालं, तेही ए ग्रेडनं. फेब्रुवारीत नवी बॅच सुरू झाली. नयना पहिल्या बाकावर बसली. शेजारी सतरा वर्षांची दोन पोरं होती. ती तिला पाहून सावरून बसली. सफूराबाईंनी यादी काढली आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. गुहागरच्या कॉलेजात शेवटची हजेरी लागली त्याला एकवीस वर्षं झाली होती. त्यानंतर ती रमणची बायको होती, विशाखाची आई होती, आणि दोन्ही तिनं आनंदानं केलं होतं. पण तिचं नाव यादीतून असं कुणी पुकारलं नव्हतं.

"नयना."

इंग्रजी तर सोडाच, हिंदीही आठवेना. ती उभी राहिली.

"हजर," नयना म्हणाली, आणि सफूराबाईंनी तिच्या नावापुढे खूण केली.