घोकंपट्टीचे सत्त्याण्णव टक्के

संगणकावरच्या मॉडेलला परीक्षेत सत्त्याण्णव टक्के मिळाले आणि सगळी प्रयोगशाळा हवेत गेली. तोंड पाडून बसली होती एकटी शंकेखोर. हे नाव तिला सहकाऱ्यांनीच बहाल केलं होतं, आणि ती ते इमानेइतबारे सार्थ करायची.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची इवलीशी माळ. मण्यांचा क्रम वाचून ही माळ जंतू मारील की नाही, हे तिच्या मॉडेलने सांगायचं. तिने परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या माळा पुन्हा चाळल्या आणि कपाळाला हात लावला. बहुतेक सगळ्या मॉडेलच्या शिकवणीत वापरलेल्या माळांच्या सख्ख्या बहिणी, एखादाच मणी वेगळा. पठ्ठ्याने नुसती घोकंपट्टी केली होती.

तिची आई गणिताची बाई. वर्गात सोडवलेलं गणित ती परीक्षेत चुकूनही घालायची नाही. मुलं बोटं मोडायची, पोटची लेक सगळ्यांत जास्त. मार्क सांगायला गेलं की आई आधी विचारणार, पेपर नवा होता का?

शंकेखोरने एकमेकींसारख्या माळांची घराणी लावली. जे घराणं शिकवणीत, त्यातलं परीक्षेत कुणी नाही. नव्याने शिकलेल्या मॉडेलला मिळाले चौऱ्याहत्तर. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचा चेहरा खर्रकन उतरला, कारण सत्त्याण्णवचा डंका ते गावभर पिटून आले होते. दोन्ही मॉडेलांच्या पहिल्या पसंतीची माळ प्रत्यक्ष बनवून जंतूंवर पाहू, तुझी हरली तर तुझं काम बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ती हो म्हणाली.

जुन्या मॉडेलने एका नावाजलेल्या पेप्टाइडची जुळी बहीण निवडली. नव्या मॉडेलने निवडलेल्या माळेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. जंतू वाढवणाऱ्या मैत्रिणीने औषधांना न जुमानणारे जंतू पेट्री डिशमध्ये पसरले आणि दोन्हींचा एकेक थेंब सोडला.

सकाळी सगळे डिशवर वाकले. जुळ्या बहिणीखाली जंतू मजेत वाढले होते. मूळ माळेतला जो एकच मणी तिच्यात बदलला होता, नेमका तोच जंतू मारायच्या कामाचा होता. दुसऱ्या थेंबाभोवती मात्र लख्ख, स्वच्छ वर्तुळ. एकही जंतू उरला नव्हता. मैत्रिणीने तिला कडकडून मिठी मारली. सरांनी डिश उचलून उजेडात धरली.

"शोधनिबंधात चौऱ्याहत्तरच छापू," ते म्हणाले.

शंकेखोरला आनंद मावेना. तिने आईला फोन लावला.

"आई, चौऱ्याहत्तर मिळाले."

"पेपर नवा होता का?"

"अगदी कोरा."

"मग पहिली आलीस," आई म्हणाली. असं ती जन्मात पहिल्यांदा म्हणाली होती.