मधली जागा

आई गेल्याला एक महिना पूर्ण झाला त्या शुक्रवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरील बाइंडिंगखान्यात तिच्या आठवणींची सभा भरली. उपस्थिती सत्तावीस. खाली, आईच्याच खोलीत, माझी धाकटी बहीण पायाला प्लास्टर घालून पडून होती. तिला जिना चढणे शक्य नसल्याने ती या आकड्यात धरलेली नाही.

सभेचा हेतू स्पष्ट होता. आईवर एक छोटे पुस्तक काढायचे, ते आमच्याच बाइंडिंगखान्यात शिवून बांधायचे. त्यासाठी प्रत्येकाने एक आठवण सांगायची आणि मी ती लिहून घ्यायची. मी खोलीच्या मधोमध, नव्या कटिंग मशीनला लागून टेबल मांडले. छतातल्या काचेचा उजेड सरळ पडतो तो तिथेच, आणि मशीन हवे तर तिथेच हवे, हा माझा मुद्दा मी आईपुढे अकरा वर्षे मांडत आलो होतो. उजेड, कामगारांची ये-जा, छापील फर्म्यांची ने-आण, अशा सर्व बाजूंनी मी तो सिद्ध केला होता. तिने एकदाही प्रतिवाद केला नाही. हातातली लोखंडी फूटपट्टी टेबलावर आपटून ती एवढेच म्हणे, "मी आहे तोवर नाही." तिच्या शब्दाबाहेर जाण्याची या घरात कोणाची छाती नव्हती. ती गेल्यावर नवव्या दिवशी मी मशीन आणले. वजन सव्वा टन.

पहिली आठवण शिवणकाम करणाऱ्या मावशींची.

"मी अगदी नवी होते," त्या म्हणाल्या. "स्टूल उचललं आणि मधल्या दिव्याखाली जाऊन बसले. बाईंनी मला स्टुलासकट खिडकीशी ओढत नेलं. म्हणाल्या, उजेड हवा तर खिडकी आहे. मधे बसून राज्य करायचंय का?"

हशा पिकला. मी लिहून घेतले.

मग कटरमास्तर उभे राहिले. "शंभर रीम कागद आलेला. मी मधोमध थप्पी लावली, चांगली कमरेएवढी. तेवढ्यात फूटपट्टी आली..." त्यांनी जीभ चावली, कारण आईचे हे नाव तिच्या पाठीमागेच घ्यायचे असे. "म्हणजे बाई आल्या. सगळा कागद भिंतीला लाव म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, पाठ गेली माझी. तर म्हणतात, पाठ मी चोळून देते, कागद भिंतीला. आणि खरंच दिली हो चोळून! तेल लावून!"

पुन्हा हशा. हसता हसता कोणीतरी पाय आपटला आणि जमीन हलकेच दणदणली. त्याच वेळी जिन्याच्या तोंडातून खालचा आवाज आला.

"दादा! चहात परत चुना पडलाय. तुमची सभा माझ्या कपात भरलीय का?"

"बशी झाक!" मी वरून सांगितले.

"बशी झाकली, आता डोक्यावर काय झाकू? आणि माझीही आठवण लिही. माझ्या लग्नात तिनं पाहुण्यांना दहा-दहांनी वर सोडलं होतं. जेलमधली भेट असल्यासारखं! सासरचे अजून बोलून दाखवतात."

तेही मी लिहिले. मग सवयीप्रमाणे पेन्सिल खाली ठेवून तिन्ही टिपणे एकामागून एक वाचली. मधे बसू नकोस. कागद भिंतीला. दहाच माणसे. तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या काळांतली, एकच आठवण सांगितली होती. पुढे जाण्यापूर्वी हे जुळणे मला तपासून पाहावेसे वाटले, म्हणून मी पेन्सिल घ्यायला हात पुढे केला. ती जागेवर नव्हती. घरंगळत मशीनच्या पायाला जाऊन टेकली होती. मी ती उचलून पुन्हा टेबलावर आडवी ठेवली. ती पुन्हा निघाली, सावकाश, त्याच दिशेने.

आमच्या घराची डागडुजी करत आलेले म्हातारे गवंडी सभेला आले होते, पण आत आले नव्हते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भिंतीला पाठ टेकून बसले होते. हा त्यांचा संकोच असावा असे मी गृहीत धरले होते. आता उठून त्यांच्याकडे गेलो.

"आत या ना. खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी."

"खुर्ची कुठं ठेवलीय ते बघितलं," ते म्हणाले. "म्हणून तर इथं बसलोय. हे मशीन मधे कुणी ठेवलं?"

"मी."

"बाई काही बोलल्या नव्हत्या?"

"नाही म्हणाली होती. कारण कधी दिलं नाही."

त्यांनी आत एकदा नजर टाकली आणि आवाज उतरवला. "तुमच्या वडिलांची नजर जायला लागली, ते आठवतंय?"

"मी सहा वर्षांचा होतो."

"खाली, बाईंच्या खोलीत, मधोमध खांब होता. वरची तुळई त्याच्यावर टेकलेली. साहेब दोनदा त्याच्यावर आदळले, दुसऱ्यांदा कपाळ फुटलं. बाईंनी मला बोलावलं, म्हणाल्या, खांब काढ. मी म्हटलं, घर बसेल. त्या म्हणाल्या, तू काढत नसशील तर मी काढते. आणि घणाचा पहिला घाव त्यांनीच घातला. मग मी काय करणार? राहिलेला मी उतरवला. महिनाभरात वर भेग आली. मी हात जोडले, खांब परत घालू या म्हटलं. तर म्हणाल्या, मी चुकले असं या घरात एकदा कळलं की माझं कोण ऐकणार? आणि ऐकलं नाही तर कारखाना आणि पोरं मी कशाच्या जोरावर चालवू? तू तोंड बंद ठेव, वजन मी सांभाळते."

आईचा पलंग खोलीच्या बरोबर मध्यभागी असे. तो भिंतीला लावू देत नसे आणि त्यावर इतर कोणाला झोपू देत नसे. "सिंहासन" म्हणून आम्ही भावंडांनी त्याची आयुष्यभर थट्टा केली. चौतीस वर्षे ती कशाखाली झोपत होती, ते मला त्या पायरीवर कळले. आणि आज त्या पलंगावर धाकटी होती. खोली मोठी, हवा चांगली, म्हणून तिला तिथे मीच हलवले होते.

मी दारात जाऊन उभा राहिलो. कारण दिल्याशिवाय मी आजवर कोणाला काही सांगितलेले नाही. त्या दिवशी सांगितले.

"सगळ्यांनी भिंतीला लागा. भिंतीच्या कडेनं, एकेक करून खाली यायचं. मधे पाऊल टाकायचं नाही."

"अगदी बाईंचा आवाज काढलात!" कटरमास्तर हसत म्हणाले. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते भिंतीकडे सरकले. मावशींनी चपला हातात घेतल्या. का, असे एकानेही विचारले नाही. सत्तावीस माणसे उतरेपर्यंत मशीनच्या बाजूने दोनदा करकर ऐकू आली. लाकूड इतक्या सावकाश वाजताना मी कधी ऐकले नव्हते.

धाकटीला आम्ही चौघांनी पलंगासकट उचलले.

"अरे, हळू! मेले नाही मी अजून. झालंय काय?"

"आधी बाहेर चल."

"तू कधीपासून आईसारखा बोलायला लागलास?"

तिला अंगणात ठेवून मी परत आत गेलो. गवंड्यांनी पलंगाजवळच्या खिळ्यावरची आईची फूटपट्टी काढून घेतली होती आणि ते स्टुलावर चढले होते. तुळईच्या कडेने भेग गेलेली होती. तिच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, प्रत्येकीखाली आईच्या हाताने घातलेले वर्ष. मी ही खोली रोज पाहत होतो. छताकडे कधी पाहिले नव्हते.

"दरवर्षी मोजायच्या आणि मला दाखवायला बोलवायच्या," गवंडी म्हणाले. "चौतीस वर्षांत एक सूत, म्हणजे पाव इंचाचाही अर्धा. एवढंच." त्यांनी पट्टी भेगेला लावली. मग ती खाली करून भेगेत बोट घातले. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले. चुना झिरपत खाली पडू लागला, जिथे घटकेपूर्वी धाकटीची उशी होती तिथे. "आणि आता या तीन आठवड्यांत चार."

"तिनं मला सांगायला हवं होतं," मी म्हणालो. "कारण सांगितलं असतं तर मी कशाला..."

"रोज तर सांगत होत्या."

"हुकूम देत होती. कारण नव्हती देत. दोन्हींत फरक आहे."

"असेल." ते खाली उतरले, पट्टी माझ्या हातात दिली आणि हातांवरचा चुना झटकला.

"टेकू लावले तर? दोन-चार मजबूत टेकू लावून मशीन हळूहळू..."

"वर आता कुणीही जायचं नाही. खांब काढला ही बाईंची चूक. मशीन मधे ठेवलं ही तुमची. घर आजच रिकामं करा. हे आता उभं राहणार नाही."