जपानसाठी जास्तीचं गाणं

प्रश्न तिसरा.

सुनेत्राने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला आणि पत्रकार मोरिता-सानचा जपानी प्रश्न इंग्रजीत सांगितला. "पहिल्या अल्बममध्ये तुमचं प्रत्येक गाणं नीट पुरं व्हायचं. आता ओळ अर्धीच सोडता. हे कधीपासून?"

गायिका एल्सी ब्रॅडवेल गिटारच्या तारांनी घट्टे पडलेली बोटं चोळत राहिली. तिचं बोलणंही गाण्यासारखंच. कान द्यावा लागे.

"जपानच्या सीडीत एक गाणं जास्तीचं लागतं ना. त्यानंतर."

जास्तीचं गाणं. परदेशी अल्बमच्या जपानी सीडीत एक गाणं वेगळं घालायचं, हा इथला रिवाज. चार वर्षांपूर्वी एल्सीने त्यासाठी सुनेत्राच्या रेकॉर्ड कंपनीला दहा रेकॉर्डिंग्ज पाठवली होती. एकावर लिहिलं होतं, 'हे नको.' एल्सीची आई गेली त्या आठवड्यातलं. दुसऱ्या कडव्यात एल्सी गाता गाता थांबते, पुढे नुसता श्वास.

सुनेत्राने तेच निवडलं. चुकून नव्हे. ते सगळ्यांत सुंदर होतं. 'फायलींची अदलाबदल झाली' असं माफीपत्र नंतर एल्सीला गेलं, तेही सुनेत्रानेच लिहिलेलं.

आज सकाळी निशी-कसाई स्टेशनवर नवरा म्हणाला होता, "सांगून टाक बाई एकदाचं. चार वर्षं मीच ऐकतोय."

"आज मी दुभाषी आहे, जयेश. दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं."

"हो का? घरी बरं सुचतं."

प्रश्न चौथा.

"मग काय झालं?"

"वर्षभर मी गायले नाही," एल्सी म्हणाली. "पण लोक तेच गाणं मागत राहिले. मग मला मुद्दाम थांबायला शिकावं लागलं."

सुनेत्राने ते जपानीत सांगितलं. बोलणाऱ्याच्या तोंडचंच बोलायचं असतं, म्हणून 'मी' म्हणाली. मी वर्षभर गायले नाही. तिला वाक्य पुन्हा सुरू करावं लागलं. मोरिता-सान मान खाली घालून लिहीत होते.

प्रश्न पाचवा.

"ज्या माणसाने ते गाणं सीडीत घातलं," सुनेत्राने इंग्रजीत विचारलं, "त्याला तुम्ही माफ केलंत?"

एल्सीने मोरिता-सानकडे पाहिलं. ते अजून आधीचंच उत्तर लिहीत होते; त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं. मग तिने सुनेत्राकडे पाहिलं.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "अजून नाही."

मोरिता-साननी लिहिणं संपवलं, मान वर केली आणि पेन तसंच धरून ते सुनेत्राच्या जपानी वाक्याची वाट पाहू लागले.