चॅसीचा छाप

आग्याच्या नावावर जगात काहीच नव्हतं. घर थोरल्या भावाच्या नावावर. विजेचं मीटर वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन बारा वर्षं झालेली. मोटारसायकल मेव्हण्याची. फोनचं कार्डसुद्धा बायकोच्या नावावर, कारण कार्ड घ्यायला गेला त्या दिवशी हा दुकानदाराशी भांडून तसाच परत आला, मग तीच जाऊन घेऊन आली. अठ्ठावीस वर्षं त्यानं लोकांच्या गाड्या हाकल्या, दारावर दुसऱ्याचं नाव रंगवलेल्या. आग्या हेही त्याचं नाव नव्हे. आग्या मोहळासारखा उठतो म्हणून लोकांनी ठेवलेलं. खरं नाव होतं ते चौथीच्या दाखल्यावर, आणि तो दाखला उंदरांनी कुरतडलेला.

म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी त्यानं जुनी पिकअप घ्यायची ठरवली तेव्हा बायकोला एवढंच म्हणाला, "मरायच्या आधी मालकीच्या एका तरी कागदावर माझं नाव छापलेलं बघायचंय."

"बघा की. पण भांडू नका कुणाशी," ती म्हणाली.

गाडी एका म्हाताऱ्या पाथरवटाची होती. एकोणीस वर्षं त्यानं तिच्यातून दगड वाहिलेले, पायऱ्या, उंबरे, नावाच्या पाट्या. पण गाडी अशी ठेवलेली, की वाटावं नवी सून बसलीय पदर सावरून. आग्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज ऐकला, खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, आणि आता म्हातारा कितीवर येतोय म्हणून घासाघिशीला बाह्या सरसावल्या. म्हातारा किमतीचं बोललाच नाही.

"हात बघू," म्हणाला.

आग्याला वाटलं, कष्टाचा माणूस आहे की नाही ते बघतोय. त्यानं उजवा हात पुढे केला. त्या तळहातावर एक मोठा व्रण होता, पहिल्या बोटाच्या मुळापासून मनगटाच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरका गेलेला. अकरा वर्षांपूर्वी एका मालकानं चोर म्हटलं, तेव्हा यानं त्याच्याच ट्रकच्या काचेवर पंजा हाणला होता. सात टाके पडले आणि नोकरीही गेली. म्हाताऱ्यानं व्रणावरून बोट फिरवलं, हात न लावता, वरच्या वर, जशी पाटीवरची अक्षरं तपासावी तसं. मग व्रणाच्या शेजारी, जिथं काहीच नव्हतं, तिथं एकदा हलकंच टेकवलं.

"न्या," म्हणाला. आणि किंमत अशी सांगितली की आग्याला भांडायला जागाच उरली नाही. लागतील तेवढ्या सह्या त्यानं तिथंच बाजेवर बसून करून दिल्या.

गाडी नावावर करायची म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. विकणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, विमा, फोटो, सगळं झालं तरी एक गोष्ट लागते. गाडीच्या खाली लोखंडी दांड्यावर नंबर ठोकलेला असतो, त्याला चॅसी नंबर म्हणतात. त्यावर पातळ कागदाची पट्टी चिकटवायची आणि वरून पेन्सिल घासायची. नंबर कागदावर उठतो. नोंदणीच्या पुस्तकातली गाडी ती हीच, याचा तो पुरावा.

आग्यानं पट्टी आरटीओत नेऊन दिली. खिडकीतल्या कारकुनानं ती चष्म्याजवळ धरली आणि परत सरकवली. "आठावरून रेघ गेलीय. आणि हा सहा आहे का शून्य, तेही कळत नाही. पुन्हा काढून आणा."

पुन्हा काढून आणली. पुन्हा त्याच दोन आकड्यांवर त्याच दोन रेघा.

तिसऱ्यांदा कारकून खिडकीतून जरा बाहेर वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, नंबर घासलेला वाटतोय. चोरीची निघाली तर गाडी आत जाईल. आणि तुम्हीसुद्धा."

"चोर कुणाला म्हणतो रे?" आग्या असा ओरडला की रांगेतल्या एका बाईच्या हातातली फाइल खाली पडली. "बाहेर ये! बाहेर येऊन बोल!"

कारकून काही बाहेर आला नाही. त्यानं खिडकीवर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

आग्या घरी आला, गाडीखाली शिरला आणि दांडा रॉकेलनं पुसून काढला. नंबर लख्ख दिसत होता. आठ आठसारखा, सहा सहासारखा. त्यानं नखानं चाचपलं, मग जिभेनं ओलं केलेलं बोट फिरवलं. कुठं ओरखडा नाही, खाच नाही. काचेसारखा गुळगुळीत दांडा. कागद लावून पेन्सिल फिरवली, की रेघा हजर.

"थांब तुझ्या आयला," तो दांड्याला म्हणाला, "बघतोच तुझ्यात काय आहे ते." त्यानं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याची कोरी बाजू वर करून नंबरावर आणि त्याच्या चहूबाजूंनी चिकटवली, आणि पेन्सिल आडवी धरून सगळंच घासून काढलं. खाली पडल्या पडल्या मान मोडायची वेळ आली. कागदावर काय काय उठलं. वाकड्या रेघा, बारीक रेघांची वळणं, जसं डोंगरावरून खालचं नांगरलेलं रान दिसावं. त्याला काही बोध झाला नाही. कागद टेबलावर टाकला आणि तो हातपाय धुवायला गेला.

परत आला तर बायको कागद घेऊन दारातल्या उजेडात उभी.

"अहो, अख्खा पंजा मागितला का त्यांनी? मला वाटलं अंगठा लागतो."

"कसला पंजा?"

"हा काय! हाताला काजळी लावून छापा घेतलाय ना?" ती हसली. "आणि वर नंबर लिहिलाय, कैद्यासारखा."

"तो माझा हात नाही."

"मला नका शिकवू. वीस वर्षं या हातातले काटे काढतेय मी. हा स्टिअरिंगचा घट्टा. हे वाकडं करंगळीचं मूळ. आणि ही तुमची करामत, काचेवर मारलेली. सात टाके. मोजा."

आग्यानं मोजले. तिरक्या रेघेवर आडव्या बारीक खुणा होत्या. सात.

"आणि हे दुसरं कधी कापून घेतलंत?" तिचं हसू जरा थांबलं. "मला बोलला नाहीत ते. याला तर टाकेही घातले नाहीत."

मधल्या दोन बोटांच्या बेचक्यातून एक रेघ सरळ खाली मनगटापर्यंत उतरली होती, सुरीनं वडी कापावी इतकी सरळ. आग्यानं हात कागदाशेजारी ठेवला. हातावर तिथं काही नव्हतं. नुसती कातडी.

"पेन्सिल घसरली असेल," तो म्हणाला. छाप कशाचा आहे ते त्यानं तिला सांगितलं नाही. चहात साखर कमी पडली तर कप आपटणारा माणूस, पण त्या दिवशी समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाथरवटाकडे गेला. जाताना वाटभर शिव्यांची उजळणी केलेली. म्हातारा एका पाटीवर अक्षरं खोदत होता. आग्यानं कागद त्याच्या समोर दगडावर अंथरला.

"हे तुझं काम आहे का? छिन्नी चालवलीस ना दांड्यावर?"

म्हाताऱ्यानं हात पुसले. कागदाला लगेच हात लावला नाही. आधी डोक्याचं फडकं काढून बाजूला ठेवलं, मग बघितलं.

"छिन्नीची रेघ कडेला फुटते," तो हळू म्हणाला. "ही फुटलेली नाही. ही आतून आलीय."

"म्हणजे काय?"

"गाडी बघायला अकरा जण येऊन गेले. सगळ्यांचे हात बघितले मी." तो आग्याच्या हाताकडे बघत होता, पण असा, की जणू लांबून उगवणारं काहीतरी दिसतंय. "मी नुसती सांभाळली हो. साहेबाला सांगा, माझ्या नावावर झाली तेव्हाची फाइल काढा. त्यात मी दिलेली पट्टी असेल."

पाठ केलेल्या शिव्यांतली एकही आग्याच्या तोंडातून बाहेर पडली नाही. तो निघाला तेव्हा म्हातारा उठून उभा राहिला, मोठं कुणी निघालं की राहावं तसा.

तपासणीचा साहेब कोरडा माणूस होता. स्वतः गाडीखाली वाकला, टॉर्च मारला, नंबर वाचला. "नंबर स्वच्छ आहे," म्हणाला. मग स्वतःच्या हातानं पट्टी लावली, स्वतःच्या पेन्सिलीनं घासली, आणि उठलेल्या पट्टीकडे बघून भुवया आक्रसल्या. त्यानं पुन्हा वाकून दांडा बघितला. पुन्हा पट्टी बघितली. "विचित्र आहे," एवढंच म्हणाला.

जुनी फाइल निघायला दोन तास लागले. आग्या बाकावर बसून होता, उजवी मूठ मिटून. पट्टी जुळली तर आजच नाव लागेल. नाही तर गाडी आत, आपण चोर, आणि मरताना विजेचं मीटर वडिलांच्या नावावर तसंच. फाइल आली. तिच्या क्लिपला गंज चढलेला, पानं चहाच्या रंगाची. साहेबानं एका पानाला चिकटवलेली पट्टी बोटानं सपाट केली. खाली तारीख होती, शिक्का होता. एकोणीस वर्षांपूर्वीचा.

साहेबानं जुनी पट्टी आणि नवी पट्टी एकाखाली एक ठेवल्या. भिंग घेतलं.

"बघा. दोन खाचा आहेत. ही तिरकी, हिला टाके घातल्यासारख्या बारीक खुणा. आणि ही उभी, साफ. दोन्ही कागदांवर दोन्ही, त्याच जागी." त्यानं भिंग खाली ठेवलं. "म्हणजे गाडी बनली तेव्हापासूनचंच असणार. तंतोतंत जुळतंय."

आग्या टेबलावर वाकला. एकोणीस वर्षांपूर्वी हा हात धड होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो मालक कोण, तो ट्रक कुठला, हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि ती काच तर अजून भट्टीतून बाहेरही आली नसेल. आणि इथं, या पिवळ्या कागदावर, टाके घातलेले. कुण्या परक्या माणसाची दगड वाहणारी गाडी ऊनपावसात फिरत होती, घाट चढत होती, उतरत होती, आणि तिच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याचा हात होता. त्याला वाटलं आपल्याला राग येईल. आला नाही. देवळात शिरताना डोकं आपोआप खाली जातं, तशी त्याची मान खाली गेली.

"साहेब," तो इतक्या हळू म्हणाला की साहेबानं कान पुढे केला. "दुसरी खाच नक्की आहे का? जुन्या कागदावर?"

"आहे की. ही काय. उलट पहिलीपेक्षा ठळक आहे." साहेबानं शिक्का उचलला. "दोन्ही आहेत म्हणून तर पास करतोय. एकच असती तर अडलं असतं."

शिक्का बसला.

संध्याकाळच्या आत गाडीच्या नोंदणीचं कार्ड हातात आलं. त्यावर त्याचं नाव छापलेलं होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. चौथीपर्यंत शिकलेला माणूस वाचतो तसं त्यानं एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचलं. ते डाव्या हाताचं बोट होतं. कार्ड त्यानं खिशात ठेवलं आणि गाडीत बसला. त्यानं दार लावलं की आवाजावरून तीन घरांना कळायचं, आग्या निघाला. आज त्यानं दार दोन बोटांनी ओढून घेतलं, आत बाळ निजलंय अशा बेतानं, आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली.

फाटकात गर्दी होती. मागून कुणीतरी हॉर्न दिला, एकदा, दोनदा, मग दाबूनच धरला. एरवी आग्या सीटखालची लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरला असता. आज त्यानं फक्त उजवा हात खिडकीबाहेर काढला, जरा थांबा म्हणून. उघड्या पंजावर ऊन पडलं, मधल्या दोन बोटांखालच्या अजून कोऱ्या कातडीवर. त्यानं हात पटकन आत घेतला, आणि काच वर केली, तीही हळूच.