कालव्यापलीकडची खिडकी

"चादरीत काय आहे?" पुलावरच्या पहारेकऱ्याने दरडावून विचारले.

"काच," काचवाला म्हणाला.

पहारेकऱ्याने चादरीचे टोक उचलून पाहिले आणि त्याला हसूच फुटले. अख्खे शहर खिडक्यांना फळ्या ठोकत सुटले होते आणि हा बाबा पाठीवर काच घेऊन कालवा ओलांडायला निघाला होता. परवापरवापर्यंत हाच पहारेकरी बसमध्ये तिकिटे फाडायचा. आता खांद्यावर बंदूक आली होती, पण जुनी ओळख अजून सुटली नव्हती. दिवस मावळायच्या आत परत या, एवढे बजावून त्याने आडवा बांधलेला दोर खाली केला.

सगळ्याची सुरुवात निवडणुकीपासून झाली. दोन्ही उमेदवारांनी आपणच जिंकलो म्हणून शपथ घेतली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळते, पण मोठ्या माणसांना ते कुणी सांगायचे? आधी दगड आले. त्या दिवसांत काचवाल्याला जेवायलाही फुरसत नव्हती. दगड मारणारी माणसे तुम्हीच पाठवता ना भाऊजी, असे त्याचा मेहुणा त्याला चिडवायचा. मग पोलिसांच्या एकाच गणवेशावर दोन रंगांच्या फिती दिसू लागल्या. दगडांच्या जागी गोळ्या आल्या. रेडिओवर दोन्हीकडची शहाणी माणसे एकमेकांना घुशी म्हणू लागली, आणि ज्या कालव्यात पोरे डुंबायची त्याची सरहद्द झाली. काच मागायला कुणी येईना. नाइलाजाने काचवालाही फळ्या कापू लागला, पण त्यात त्याचा जीव रमेना. खिडकीला फळी मारणे म्हणजे तिचे डोळे फोडणे, असे त्याचे ठाम मत होते आणि कुणी न विचारताही तो ते ऐकवायचा.

त्याची बायको कालव्यापलीकडची. लग्नाला एवढी वर्षे झाली तरी तिच्या बोलण्यातला तिकडचा हेल गेला नव्हता, म्हणून हल्ली ती बाजारात तोंड उघडत नसे. हवी ती वस्तू बोटाने दाखवायची. तिचा धाकटा भाऊ घड्याळजी होता. पलीकडे, अगदी कालव्याच्या तोंडावरच्या गल्लीत तो राहायचा. गल्ली केव्हाच रिकामी झाली होती. हा एकटाच फुटक्या खिडकीला पुठ्ठा लावून मागे उरला होता. "त्याला घेऊन या," बायकोने सकाळीच सांगितले होते. "काही बोलला तरी ऐकू नका. हाताला धरून आणा."

काचवाल्याने मान डोलावली. पण मेहुणा कसला येतोय, हे त्याला पक्के ठाऊक होते. निदान त्याच्या खिडकीचे तरी काही करू, असे म्हणून त्याने दुकानातली सगळ्यात चांगली काच कापून घेतली.

मेहुणा पुठ्ठा थोडासा सरकवून, डोळ्याला भिंग लावून, त्या फटीतल्या उजेडात काम करत बसला होता. पुढ्यात लोकांची घड्याळे मांडलेली. काचवाल्याने नाना परींनी समजावले. मी तिकडे आलो तर माझ्यापायी ताईलाही लोक जगू देणार नाहीत, असे मेहुण्याचे म्हणणे पडले. ते खोटेही नव्हते.

"आणि ही घड्याळं लोकांची आहेत, भाऊजी. माणसं परत आली तर काय सांगू?"

"येतील असं वाटतं तुला?"

"नाही आली, तर घड्याळं चालू तरी असतील," तो म्हणाला आणि हसला.

काचवाल्याने मग वाद घातला नाही. पुठ्ठा काढला, चौकट खरवडली, काच बसवली, कडेने पुट्टी दाबली. ओल्या कागदाने पुसायला घेतली तेव्हा मेहुण्याने त्याचा हात धरला. राहू द्या मळकी, शेजारच्या खिडक्यांत मिसळून गेलेली बरी, असे म्हणाला. पण पुट्टीच्या बोटांचे डाग ठेवून उठणे काचवाल्याला उभ्या जन्मात जमले नव्हते. अर्धवट काम करून गेलो तर तुझी ताई मला घरात घेणार नाही, असे म्हणत त्याने काच आतून बाहेरून अशी लख्ख केली की ती आहे की नाही तेच कळेना. खोलीभर उजेड आला. मेहुणा लहान मुलासारखा खूश झाला, आणि काचवाला फार दिवसांनी आपले खरे काम करून, समाधानाने घरी परतला.

बायकोने सगळे ऐकून घेतले. "मी माणूस आणायला पाठवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही काच देऊन आलात."

पुढे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भावाशी मात्र सकाळ-संध्याकाळ फोनवर बोलायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी चष्म्याच्या दुकानाचा मालक फळ्या न्यायला आला. हाही आता बंदूक घेऊन कालव्याकाठच्या गच्चीवर बसायचा. स्वारी खुशीत होती. पलीकडची सगळी गल्ली फुटकी, आणि मधेच एक खिडकी उन्हात चमकते म्हणजे काय, असे त्याने विचारले. ओसाड गल्लीत नवी काच कोण बसवेल? टेहळ्याच आणून बसवला असणार त्यांनी. डोळ्याला दुर्बीणही होती मेल्याच्या.

"उडवला सकाळीच," तो म्हणाला.

काचवाल्याच्या हातातली करवत तशीच थांबली. "ते घड्याळजीचं भिंग होतं," तो म्हणाला. "तुम्ही भिंगं विकायचात ना? तुम्हालाही ओळखू आलं नाही?"

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. एवढ्या लांबून काय कळणार, असे काहीबाही तो पुटपुटला आणि फळ्या न घेताच निघून गेला.

घरी बायको फोन कानाला लावून बसली होती. पलीकडे नुसती घंटी वाजत होती. काचवाल्याने तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि सगळे सांगितले, काही राखून ठेवले नाही. तिने ओरडून शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

"पुसलीही असेल तुम्ही," ती म्हणाली. "लख्ख."

"हो."

मग उठून तिने चपला पायात घातल्या. "चला. आणू या त्याला."

पुलावर पहारेकऱ्याने अडवले तेव्हा काचवाला काही बोलायच्या आत तीच पुढे झाली. "माझा भाऊ मेलाय तिकडं. आणायला चाललेय," ती म्हणाली. तिच्या माहेरच्या हेलातच म्हणाली, गच्चीवरच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. पहारेकऱ्याने वर गच्चीकडे पाहिले. त्याने दोर खाली केला.

मेहुणा टेबलाशीच जमिनीवर कलंडला होता. काचवाला त्याला उचलायला वाकला, पण तिने हातानेच थांबवले. ती जमिनीवर बसली आणि भावाचे डोके तिने मांडीवर घेतले. त्याच्या केसांत काचेचा चुरा अडकला होता. तो ती बोटांनी वेचू लागली, अगदी सावकाश, त्याला टोचू नये अशा बेताने. वेचलेले तुकडे ठेवायला जागा दिसेना, तेव्हा काचवाल्याने तिच्यासमोर बसून ओंजळ पुढे केली. तिने वर पाहिले नाही. एकेक तुकडा काढून ती त्याच्या ओंजळीत ठेवत राहिली.